मुख्य सचिवाची परीक्षा कधी असते?

इंजिनिअरिंग कॉलेजच्या कुठल्याही होस्टेलवर थर्ड इयरपर्यंत तीन पंथ तयार होतात. गेटवाले, कॅटवाले आणि कलेक्टरवाले. पहिल्या दोन पंथांना आपण पुढे काय करणार हे साधारण ठाऊक असतं. तिसऱ्या पंथाच्या टेबलावर लक्ष्मीकांतचं जाडजूड पुस्तक असतं, भिंतीवर भारताचा नकाशा असतो, आणि "पुढे काय?" असं विचारलं की उत्तर येतं, "आधी कलेक्टर, मग सेक्रेटरी, मग चीफ सेक्रेटरी." जणू काही सेम वन, सेम टू, सेम थ्री! परवा तर फर्स्ट इयरच्या एका मुलीने मला मेसच्या रांगेत सरळ विचारलं, "ताई, चीफ सेक्रेटरीची परीक्षा कधी असते?"

प्रश्न ऐकायला भोळा वाटतो, पण वाटतो तितका भोळा नाही. आधी शाळा, मग सीईटी, मग दर सहा महिन्यांनी एक सेमिस्टर... त्यामुळे आपल्याला वाटतं की जगातल्या प्रत्येक खुर्चीखाली एक हॉल तिकीट चिकटवलेलं असणार. सरकारातल्या सगळ्यात वरच्या खुर्च्यांचं तसं नाही. मुख्य सचिवपदासाठी परीक्षा नाही, अर्ज नाही, जाहिरात नाही. पात्रता मात्र आहे आणि तिचं मूळ गणित नववीतल्या पोरालाही सुटेल असं आहे. साठातून वय वजा करायचं, बस्स! तिसऱ्या पंथातले बहुतेक जण हे गणित मांडतच नाहीत, आणि मांडतात तेव्हा तिशी उलटलेली असते. म्हणून हा लेख.

आधी मंत्रालयातली उतरंड बघू. खालून वर मोजायचं तर कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सहसचिव, सचिव, प्रधान सचिव, अपर मुख्य सचिव आणि सगळ्यांच्या वर एकच मुख्य सचिव. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं असल्यामुळे 'अवर' आणि 'अपर' हे शब्द मला जुळे भाऊच वाटायचे. प्रत्यक्षात एक जण जवळजवळ तळाला आणि दुसरा शिखराच्या एक पायरी खाली. एका अक्षराचा फरक आणि मध्ये तीस वर्षांची नोकरी! पाटी वाचताना सांभाळा.

आता खरं उदाहरण घेऊ. महाराष्ट्र राज्य १९६० साली झालं. राज्याला पहिली महिला मुख्य सचिव मिळाली ती ३० जून २०२४ रोजी, म्हणजे ६४ वर्षांनी. त्या सुजाता सौनिक. त्या १९८७ च्या तुकडीच्या आयएएस. ३० जून २०२५ ला वयाची ६० वर्षं पूर्ण करून निवृत्त झाल्या. आता उलटं मोजा. २०२५ मध्ये साठ, म्हणजे १९८७ मध्ये बावीस! आपण ज्या वयात फायनल इयरचा प्रोजेक्ट रिपोर्ट बाइंडिंगला टाकतो त्याच वयात त्या सेवेत दाखल झाल्या होत्या. तरीसुद्धा सर्वोच्च खुर्चीपर्यंत पोहोचायला ३७ वर्षं लागली आणि खुर्चीवर मिळालं एक वर्ष. त्या तिशीत सेवेत आल्या असत्या तर २०२४ मध्ये त्यांची सेवा २९ वर्षांचीच भरली असती आणि त्यांचं नाव यादीत वर आलंच नसतं. हुशारी तीच, काम तेच, फक्त आठ वर्षं उशीर.

असं का होतं ते पायऱ्यांवरून कळतं. आयएएसमध्ये ढोबळमानाने १६ वर्षांच्या सेवेनंतर सचिव दर्जाची वेतनश्रेणी मिळते, २५ वर्षांनी प्रधान सचिवाची आणि ३० वर्षांनी अपर मुख्य सचिवाची. ही किमान वर्षं आहेत हं. जागा रिकामी नसेल, चौकशी चालू असेल किंवा शेरे बरे नसतील तर वाट बघावी लागते. मुख्य सचिव निवडला जातो तो बहुधा ह्या तीस वर्षं ओलांडलेल्या मंडळींतून. निवड राज्य सरकार म्हणजे व्यवहारात मुख्यमंत्री करतात. सगळ्यात ज्येष्ठ अधिकाऱ्यालाच नेमावं असं बंधन नाही, पण ज्येष्ठतेचा मान बऱ्याचदा राखला जातो. निवृत्ती जवळ आली असेल तर केंद्राच्या संमतीने सहा महिन्यांची मुदतवाढ मिळू शकते.

आता आपल्या पंथाकडे येऊ. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या गटासाठी अट अशी, की परीक्षेच्या वर्षी १ ऑगस्टला २१ पूर्ण असावीत आणि ३२ पूर्ण झालेली नसावीत. संधी सहा. समजा एखाद्याने शेवटच्या संधीपर्यंत ताणलं आणि शेवटच्या वर्षी निघाला. पुढच्या वर्षी सेवेत रुजू होताना वय जवळजवळ ३३. साठ वजा तेहतीस म्हणजे सत्तावीस. प्रधान सचिवाची पायरी कशीबशी येईल, तिसाची पायरी कधीच येणार नाही. एकतिसाव्या वर्षी आपण पेढे वाटत असू आणि मुख्य सचिवाची शर्यत आपल्या नकळत संपलेली असेल!

ह्याहून जास्त मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. ओबीसी उमेदवारांना वयात तीन वर्षांची सवलत आहे आणि नऊ संधी आहेत. अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत आहे आणि वयात बसेपर्यंत संधींना मर्यादा नाही. ही सवलत योग्यच आहे. ज्याच्या घरात आधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही त्याला उशीर होणारच. पण निवृत्तीचं वय सगळ्यांना सारखंच, साठ. पस्तिशीच्या काठावर परीक्षा दिलेल्याला मिळतात साधारण २४ वर्षं आणि सदतिशीच्या काठावर दिलेल्याला २२. म्हणजे दारातून आत यायची सवलत आहे, पण जिन्याच्या पायऱ्या तेवढ्याच आणि घड्याळही तेच. वरच्या खुर्च्यांवर कोण दिसतं आणि कोण दिसत नाही, ह्याची कारणं पुष्कळ असतील, पण त्यातलं एक कारण तरी हे गणित आहे असं मला वाटतं. आपल्या होस्टेलवरच्या ज्या मुलांना ही सवलत लागू आहे त्यांना क्लासवाले "तुला काय घाई, तुझ्याकडे भरपूर अटेम्प्ट आहेत" असं सांगतात, तेव्हा मला त्यांचा रागच येतो.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही, ती माहिती नोटीस बोर्डावर आणि क्लासच्या पत्रकात भरपूर आहे. पूर्व परीक्षेत दोन पेपर. दुसरा, ज्याला सगळे सीसॅट म्हणतात, तो २०१५ पासून फक्त ३३ टक्क्यांनी पास व्हायचा. मग मुख्य परीक्षा, नऊ पेपरांची. त्यातल्या सात पेपरांचे प्रत्येकी २५० प्रमाणे १७५० गुण आणि मुलाखतीचे २७५, एकूण २०२५. वैकल्पिक विषयात सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आहेत आणि मराठी साहित्यसुद्धा आहे. लाखो मुलं फॉर्म भरतात. २०२३ च्या परीक्षेतून १०१६ जणांची शिफारस झाली, पण त्या वर्षी आयएएसच्या जागा होत्या १८०. बाकीचे पोलीस, परराष्ट्र, महसूल, लेखा अशा सेवांत जातात. म्हणजे "यूपीएससी निघाला" आणि "आयएएस झाला" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे काकूंना आणि आत्यांना एकदा समजावून सांगावं.

पण नऊतल्या उरलेल्या दोन पेपरांबद्दल बोलायलाच हवं. एक इंग्रजी आणि एक भारतीय भाषा, प्रत्येकी ३०० गुणांचे. गुण कुठे धरत नाहीत, फक्त २५ टक्के मिळवायचे. सोपं वाटतं ना? पण ह्यात अडकलात तर बाकीच्या सात पेपरांच्या गुणांना काहीच अर्थ उरत नाही. मराठीच्या पेपरात निबंध आहे, सारांशलेखन आहे, इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतर आहे. माझ्यासारख्या, घरी आईशी मराठी आणि वहीत इंग्रजी असणाऱ्या मुलांना खरी धास्ती इथे आहे. थर्मोडायनॅमिक्सचं डेरिव्हेशन येतं, पण 'दुर्भिक्ष' लिहिताना पेन थांबतं. उलट तालुक्याच्या शाळेतून आलेली माझी रूममेट हा पेपर डोळे मिटून सोडवेल. आणि ती इंग्रजीच्या पेपरला उगीच घाबरते! मुख्य परीक्षेचे बाकीचे पेपरसुद्धा मराठीतून लिहिता येतात, हे तर तिला कॉलेजला आल्यावर कळलं.

समजा निघालो. मसुरीची अकादमी, जिल्ह्यातलं प्रशिक्षण, दोन वर्षांचा परिविक्षा काळ, मग प्रांत म्हणून पहिली नेमणूक. आपल्याला वाटतं आता परीक्षा संपल्या. छे! इथून पुढे दर वर्षी एक व्हायवा असतो आणि त्याचे मार्क तीस-पस्तीस वर्षं साठत जातात. दर वर्षी अधिकाऱ्याचा कार्यमूल्यमापन अहवाल लिहिला जातो. एक वरिष्ठ लिहितो, त्याचा वरिष्ठ तपासतो, त्याच्याही वरचा स्वीकारतो. २००७ च्या नियमांप्रमाणे आयएएस अधिकाऱ्याला १ ते १० असे गुण मिळतात. म्हणजे आपला सीजीपीएच! फक्त इथे रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरला की दीड महिन्यात निकाल लागतो, तिथे नोकरी संपू शकते.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर देव दत्त ह्यांचा खटला सांगते. आपल्याला जवळचा आहे, कारण ते इंजिनिअर होते. सीमा रस्ते विभागात कार्यकारी अभियंता. अधीक्षक अभियंता म्हणून बढतीची वेळ आली तेव्हा निकष होता आधीच्या पाच वर्षांचे शेरे 'व्हेरी गुड' असण्याचा. त्यांच्या एका वर्षाच्या अहवालात 'गुड' असं लिहिलं होतं. गुड! आपण व्हायवात 'गुड' ऐकलं तर रात्री पार्टी करतो. पण त्या एका 'गुड'मुळे त्यांची बढती गेली. हा शेरा वाईट नाही म्हणून त्यांना कधी कळवलाच नव्हता. जो शेरा माहीतच नाही त्याविरुद्ध दाद कशी मागणार? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००८ साली न्यायालयाने सांगितलं की शेरा चांगला असो की वाईट, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, म्हणजे त्याला ती सुधारून मागता येईल. निकाल त्यांच्या बाजूने लागला खरा, पण तोपर्यंत ते निवृत्त झाले होते. म्हणून म्हणते, साठ वजा वय ही पहिली पायरी. दुसरी पायरी म्हणजे मधल्या प्रत्येक वर्षी आपल्याबद्दल दुसऱ्याने काय लिहिलं ते.

आणि ज्यांना मुंबईऐवजी दिल्लीची खुर्ची हवी असते, म्हणजे भारत सरकारचा सहसचिव, सचिव किंवा अगदी कॅबिनेट सचिव, त्यांना आणखी एक चाळणी आहे. तिला 'पॅनेल' म्हणतात. सोळा-सतरा वर्षांच्या सेवेनंतर अख्ख्या तुकडीचे अहवाल काढून बघतात आणि केंद्रात सहसचिव व्हायला लायक कोण ह्याची यादी बनते. पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या नियुक्ती समितीचा त्यावर शिक्का लागतो. यादीत नाव आलं म्हणजे जागा मिळालीच असं नाही, पण यादीत नाव नाही म्हणजे ते दार बंद. २०२० मध्ये आणखी एक अट आली. २००७ च्या तुकडीपासून पुढच्या आयएएस अधिकाऱ्यांनी आधी केंद्रात उपसचिव किंवा संचालक म्हणून किमान दोन वर्षं काढलेली असली पाहिजेत. त्यामुळे "आपला जिल्हा, आपली माणसं" म्हणत राज्यातच राहणाऱ्याला दिल्लीचा जिना चढता येत नाही. आपल्या महाराष्ट्र केडरचे भा. गो. देशमुख १९८६ ते १९८९ ह्या काळात कॅबिनेट सचिव होते आणि त्यानंतर पंतप्रधानांचे प्रधान सचिव झाले. ते १९५१ च्या तुकडीचे. इथेही मध्ये पस्तीस वर्षं गेलीच.

दुसरं दार आहे राज्यसेवेचं. आयएएसच्या साधारण एक तृतीयांश जागा परीक्षेने नाही तर बढतीने आणि निवडीने भरतात. त्यात मुख्यतः उपजिल्हाधिकारी असतात. उपजिल्हाधिकारी पदावर किमान आठ वर्षं झाली की नावाचा विचार होऊ शकतो आणि निवड यूपीएससीच्या अध्यक्ष किंवा सदस्याच्या समितीपुढे होते. थोड्या जागा महसूल सोडून इतर खात्यांतल्या, उल्लेखनीय काम केलेल्या राजपत्रित अधिकाऱ्यांनाही मिळतात. माझा मामा ह्याच जिन्यावर आहे. एमपीएससीतून नायब तहसीलदार झाला, आता तहसीलदार आहे, उपजिल्हाधिकारी व्हायची वाट बघतोय. मी त्याला म्हटलं, "मामा, मग तूही आयएएस होणार की!" तर तो जेवता जेवता बोटं मोजायला लागला. "हे बघ बाळा, बढती व्हायला अजून तीन वर्षं धर. मग आठ. मग यादी कधी निघेल ती निघेल. राज्यात आम्ही अठ्ठावन्नला घरी जातो." एवढं बोलून त्याने आमटी वाढून घेतली. एमपीएससीला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे. ती ऐकून आपल्याला हायसं वाटतं, पण मामाच्या बोटांवर ती बसत नाही. जे पंचविशीच्या आत थेट उपजिल्हाधिकारी होतात तेच पुढे जिल्हाधिकारी, आयुक्त, क्वचित सचिव होताना दिसतात. शिवाय २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षाही यूपीएससीसारखी लेखी, दीर्घोत्तरी झाली आहे. ह्या बदलाला मुदत मिळावी म्हणून २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर बसली होती, ते आठवत असेल. म्हणजे गोळे रंगवायची सवय असलेल्यांनी आता हात लिहिता करावा.

तिसऱ्या दाराबद्दल आपल्या कॉलेजात कुणी बोलत नाही, आणि खरं तर ते आपलं दार आहे. माधवराव चितळे हे नाव सिव्हिलवाल्यांनी ऐकलं असेल. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले, राज्याच्या अभियांत्रिकी सेवेत लागले, धरणांवर काम केलं आणि आयएएस न होता भारत सरकारच्या जलसंसाधन मंत्रालयाचे सचिव झाले. १९९३ साली त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. आपल्या राज्यातही सार्वजनिक बांधकाम आणि जलसंपदा विभागांत इंजिनिअरांमधून सचिव होतात. केंद्रात इंजिनिअरिंग सर्व्हिसेसची परीक्षा वेगळी आहे, वयोमर्यादा २१ ते ३०, आणि तिचा अभ्यास म्हणजे आपण चार वर्षं झोपेत का होईना पण करतोच तो. ह्या दाराने मुख्य सचिव होता येत नाही हे खरं. पण एखाद्या खात्याचं अख्खं कामकाज चालवता येतं.

बाहेरून थेट सहसचिव व्हायचा मार्गही २०१८ मध्ये काढला होता, किमान वय ४० आणि १५ वर्षांचा अनुभव. २०१९ मध्ये काही नेमणुका झाल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये ४५ पदांची जाहिरात आली, पण आरक्षण नसल्यावरून वाद झाला आणि ती काही दिवसांतच मागे घेतली गेली. विशीत त्यावर विसंबून राहण्यात काही अर्थ नाही.

माझं स्वतःचं गणित विचाराल तर असं आहे. मी आत्ता वीस वर्षांची आहे, त्यामुळे ह्या वर्षी फॉर्म भरताच येत नाही. फायनल इयरला भरता येईल. घरी एज्युकेशन लोन आहे, त्यामुळे पाच-सहा वर्षं पेठेत खोली घेऊन राहणं परवडणारं नाही. बाबांशी बोलून ठरवलं आहे, नागरी सेवेच्या दोन संधी, बावीस आणि तेवीसला. त्याच दोन वर्षांत इंजिनिअरिंग सर्व्हिसेसही द्यायची. नाही जमलं तर कॅम्पसमधून मिळेल ती नोकरी. रूममेटचा मोठा भाऊ एकोणतीस वर्षांचा आहे, चौथी संधी देतोय, आणि त्याने मला सांगितलं, "दोनचा आकडा भिंतीवर लिहून ठेव, नाहीतर तो आपोआप चार होतो." लिहून ठेवला आहे.

तोपर्यंत मराठीच्या पेपराची तयारी चालू केली आहे. जुने प्रश्नसंच झेरॉक्स करून कॉमन रूमच्या कपाटात ठेवले आहेत, किल्ली वॉचमन काकांकडे असते. ऑफिसमधल्या एका सरांनी दर रविवारी निबंध तपासून द्यायचं कबूल केलं आहे. येताना स्वतःचं लाल पेन आणा, कारण सरांचं पहिल्या दोन रविवारांतच संपलं.